तीर्थरूप आक्काबाई यांस

छत्रपती संभाजीनगर
९ जुलै २०२५

चि. केयूर,

तुझं पाकीट परवा मिळालं. वरचं अक्षर तुझं आहे हे जिन्यातच ओळखलं आणि तिथंच पायरीवर बसले. शेजारच्या चारुतानं विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हणाले. खोटं बोलायची काही गरज नव्हती, तरी बोलले.

दीड वर्षानं तुझं अक्षर पाहिलं. पाकिटात दोन कागद. माझ्या कागदावर तीन वाक्यं: सोबतचं पत्र आक्काबाईंना वाचून दाखव. त्या जे बोलतील ते तसंच्या तसं लिहून मला पाठव. मवाळ करू नकोस. वर मायना नाही, खाली सही नाही. आत्याला कार्ड लिहितानासुद्धा तू 'सौ. आत्यास' लिहून खाली रेघ मारायचास. मला रेघही नाही.

रागावले नाही असं लिहिणार होते. मग स्वतःलाच विचारलं, खरंच नाही का? रागावले, थोडी. मग वाटलं, ज्याला माझ्याशी बोलायचंच नव्हतं त्यानं हे काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही, मला दिलं. यातून काय समजायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

निकालानंतर मी दोनदा मुलाखतीला नाव दिलं होतं. दोन्ही वेळा आतून निरोप आला की कैदी भेटायला तयार नाही. हर्सूल जेल माझ्या घरापासून रिक्षानं फार दूर नाही. येताना रिक्षावाला म्हणाला, "ताई, आपका कौन है अंदर?" मी म्हणाले, भाऊ. मग त्यानं उरलेल्या रस्त्यात गाणं लावलं नाही.

साक्षीचं पुन्हा काढत नाही. एकदाच लिहिते, कारण तुला ते तोंडावर सांगायची वेळ तू येऊ दिली नाहीस. त्या संध्याकाळी कन्नडजवळून तू पहिला फोन मला केलास. कोर्टात मला विचारलं, आवाज कसा होता. मी सांगितलं, जड होता, शब्द एकमेकांत अडकत होते. तुझ्या वकिलांनी तुला सांगून ठेवलं होतं म्हणे की बहीण 'आठवत नाही' म्हणेल. मला आठवत होतं. आक्काबाईंचा रामेश्वर, एकोणीस वर्षांचा, रस्त्याच्या कडेनं मेंढरांच्या मागं चालत होता आणि तो गेला होता. मला आठवत नाही असं मी कुणाच्या तोंडाकडं बघून म्हणायचं होतं?

दुसऱ्या कागदाची घडी मी उघडलेली नाही. त्यावर तपासल्याचा शिक्का आहे, म्हणजे तुमच्या साहेबांनी तो वाचला आहे. आक्काबाईंच्या आधी एकानं वाचलंय तेवढं पुरे. आपले अण्णा सांगायचे, दुसऱ्याचं पत्र वाचायचंच असेल तर ते दोनशे वर्षं जुनं होईपर्यंत थांबावं. ते विनोदानं म्हणायचे, पण पाळायचेही.

माझं काम तेच. जुन्या पत्रांचे कापडात बांधलेले गठ्ठे, ज्यांना आम्ही अजून रुमालच म्हणतो, ते सोडायचे, मोडी वाचायची आणि बाळबोधीत उतरवायची. सध्या एका बाईची पत्रं आहेत. तिला लिहिता येत नव्हतं. ती बोलायची आणि कारकून लिहायचा. मुलगा मोहिमेवर, महिनोन् महिने बातमी नाही, आणि कारकून लिहितो: इकडील वर्तमान यथास्थित. कोणती आई असं म्हणेल? ती काय बोलली असेल आणि यानं काय लिहिलं, या दोहोंच्या मधल्या जागेत मी रोज जाऊन बसते आणि रिकाम्या हातानं परत येते. एकाच पत्रात, बहुधा बाईंनी फारच धोशा लावला म्हणून, त्यानं लिहिलंय, 'बाई म्हणतात जे', आणि पुढं तिचे शब्द: तुझे अंथरूण रोज घालिते, रोज काढिते.

अण्णा गेले तेव्हा हे काहीच घडलेलं नव्हतं. एवढं एक बरं झालं, असं मी वहीत लिहिलं होतं. नंतर खोडलं.

जाईन मी. कधी, ते सांगत नाही. मला थोडं धैर्य गोळा करायचं आहे.

ताई

*

३ ऑगस्ट

चि. केयूर,

आज कन्नडला गेले होते. पत्र वाचलं गेलं नाही, म्हणून हे छोटंच.

एसटीनं कन्नड, तिथून जीपनं घाटाच्या अलीकडं उतरले. जीपवाल्याला वस्तीचं नाव सांगितल्यावर त्यानं विचारलं, धनगराकडं काय काम काढलं मॅडम, लोकर घ्यायची का. मी म्हणाले, पत्र द्यायचंय. तो म्हणाला, व्हॉट्सअॅप करायचं की.

रस्त्याला एक माणूस मेंढरं घेऊन उभा होता. उंच, एका पायावर भार टाकलेला. मी आक्काबाईंची वस्ती विचारली तर म्हणाला, मी मुंजाबा, ती माझी मालकीण. काय कागद आणलाय? सही कुठं करायची?

त्यांच्याकडं आजवर जो कागद गेला तो सहीसाठीच गेला. पोलिसांचा, भरपाईचा, वकिलाचा. मी म्हणाले, सही नको. वाचून दाखवायचं पत्र आहे. त्यांनी विचारलं, कुणाचं. मी सांगितलं. मी कोण तेही सांगितलं. केयूर, मला वाटलं होतं की ते ओरडतील किंवा निघून जातील. त्यांनी एका मेंढीला काठीनं आत घेतलं आणि विचारलं,

"सोडलं का त्याला?"

"नाही. अजून आहे."

"मंग ठीक."

आणि चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर न वळता म्हणाले की ती आज माहेरी गेली आहे, पोळ्यानंतर या. या म्हणाले की येऊ नका म्हणाले, याचा मी जीपमध्ये विचार करत होते. पोळ्यानंतर या, असंच म्हणाले. मी ऐकलं तसंच लिहिते आहे. यापुढंही तसंच लिहीन.

आणि पत्र तपासणाऱ्या साहेबांना नमस्कार. यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. असेल तर तेवढं खोडा, पण पत्र त्याला द्या.

ताई

*

२४ ऑगस्ट

चि. केयूर,

हे पत्र मोठं होईल. सोबत आक्काबाईंचं पत्र वेगळं जोडलं आहे. आधी ते वाचायचं की हे, ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर कुठलंच उघडलं नसतं.

मी त्यांना म्हाताऱ्या समजून गेले होते. का, कोण जाणे. मुलगा गमावलेली बाई म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं पांढरे केस येतात. त्या माझ्यापेक्षा लहान आहेत. दारात वाघर पसरून बसल्या होत्या. मेंढरं कोंडायची जाळी, ती ठिकठिकाणी फाटते, ती सुतळीनं सांधत होत्या. त्यांची मुलगी सृष्टी, बारावीला आहे, तिनं मला खुर्ची आणून दिली. आक्काबाई म्हणाल्या, खाली बस म्हणावं, मला मान वर करून ऐकायला जमत नाय. मी खाली बसले.

मुंजाबा लांब, बाभळीखाली. आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

मी घडी उघडली आणि पहिली ओळ वाचली: तीर्थरूप आक्काबाई यांस, शिरसाष्टांग नमस्कार.

"तीर्थरूप म्हंजी काय?"

मी सांगितलं, आईवडिलांना लिहितात, वडीलधाऱ्यांना.

"त्याचं वय काय?"

"बेचाळीस."

"मंग माझ्याएवढाच की घोडा. मी कशाची त्याची माय," असं म्हणून त्यांनी सुतळी दातानं तोडली. सृष्टीला हसू आलं आणि तिनं ते ओढणीत दाबलं. "वाच पुढं."

पुढचं मी न वाचता आणलं होतं हे तुला सांगितलंच आहे. तो माझा प्रामाणिकपणा होता असं मी जाताना समजत होते. आधी एकदा वाचून मन घट्ट करून गेले असते तर बरं झालं असतं का? की मग कुठंतरी माझा आवाज आपोआप सांभाळून घ्यायला लागला असता? तू लिहिलं होतंस, 'ज्याच्या गाडीखाली तुमचा रामेश्वर गेला, तो मी. पत्र वाचणारी माझी मोठी बहीण आहे. तिनं कोर्टात माझ्याविरुद्ध खरं सांगितलं, म्हणून हे तिच्या हातात देतो. ती एक शब्द इकडचा तिकडं करणार नाही.'

मी थांबले. आक्काबाईंनी विचारलं, काय झालं, कागद फाटलाय का? मी म्हणाले, नाही. सृष्टीनं पाणी आणलं.

दीड वर्ष मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते तू मला लिहिलं नाहीस, आक्काबाईंना लिहिलंस, आणि मला ते त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचावं लागलं. तुझ्यावर रागवायला मला आता जागा उरलेली नाही. हे मला इतक्या लवकर नको होतं.

मग पुढचं वाचलं. तू प्यायला होतास हे. कोर्टात वकिलांच्या सांगण्यावरून नाही म्हणालास हे. आणि मग ते, जे आजवर कुणालाच माहीत नव्हतं. की तू उतरलास तेव्हा रामेश्वर जिवंत होता. त्यानं पाणी मागितलं. गाडीत बाटली होती ती पाण्याची नव्हती. तू आधी मला फोन केलास आणि मग अॅम्ब्युलन्सला.

मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. आवाजही पडू दिला नाही. वाचून झालं तेव्हा त्यांचे हात जाळीत होते, पण हलत नव्हते.

"पानी मागितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, तसं लिहिलंय.

त्यांनी बाभळीकडं पाहिलं. मुंजाबांना तिथपर्यंत ऐकू गेलं नसावं. "त्यांना सांगू नको," त्या सृष्टीला म्हणाल्या. मग मला, "ऱ्हायलंय का अजून?"

राहिलं होतं थोडंच. की सुटल्यावर तुला त्यांच्या दारात यायचं आहे, येऊ का एवढंच कळवा. की माफ करा. आणि त्याखाली, केयूर, तुझ्या त्या रेखीव अक्षरात: 'इकडील सर्व क्षेम. आपली खुशाली कळवावी.'

डोळ्यांच्या आधी तोंडानं वाचलं. चाळीस वर्षांची सवय. दर रविवारी सोयगावच्या आत्याला कार्ड, आणि शेवटी ही ओळ नसेल तर अण्णा कार्ड परत करायचे. पत्र कसंही असो, खुशाली विचारल्याशिवाय ते पत्रच नव्हे. तुझा हात तिथपर्यंत आला आणि त्यानं आपसूक लिहून टाकलं, हे मला लगेच कळलं. आपल्या घरात वाढलेलाच माणूस ही चूक करू शकतो. ज्या आईचा मुलगा आपल्या हातून गेला तिला आपण सुवाच्य अक्षरात खुशाली विचारतो.

मी घाईघाईनं म्हणाले, ही फक्त लिहायची रीत आहे, त्याच्या मनात तसं नाही, आमच्या घरात लहानपणापासून...

"खुशाली इचारली?"

"हो, पण ती..."

"आसंल रीत. इचारली ना? मंग लिव." त्यांनी वाघर बाजूला सारली. "एवढी मान्सं येऊन गेली. पोलीस, वकील, पेपरवाला, तो भरपाईचा बाबा. घरात किती जन, जमीन किती, पोरगं कमवायचं किती. कशी हायेस म्हनून एकानं इचारलं नाय. ह्यानंच इचारायचं व्हतं व्हय."

त्या रागावून म्हणाल्या. तू दुसरं काही समजशील म्हणून लिहिते. तुझ्यावर माया आली म्हणून नव्हे. विचारणारा तूच निघालास याचा तो राग होता.

मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. जोडलेलं पत्र तेच. मी काही सुधारलं नाही. सवयीनं हात दोनदा त्यांचे शब्द बरोबर करायला निघाला, दोनदा आवरला. मला सारखा तो कारकून आठवत होता. तो वाईट माणूस नसावा. समोरची बाई जे बोलत होती ते त्याच्या कागदावर शोभत नव्हतं, एवढंच.

एका जागी मी अडखळले. त्या म्हणाल्या, माफीचं इचारलंय त्याला नाय लिव. मी पेन धरून थांबले. विचारलं, नुसतं नाय?

"मंग काय शंभर नाय लिवती का?"

एक नाय लिहिलं.

शेवटी त्यांनी अंगठा लावायचा हट्ट धरला. मी म्हणाले, पत्राला अंगठा लागत नाही. त्या म्हणाल्या, कोर्टात लागला, इथं का नाय. सृष्टीनं पेनाची शाई चोळून दिली.

परत येताना जीप नव्हती. मुंजाबा रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. काय लिहिलं होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फक्त रस्ता आल्यावर म्हणाले, "इथं नव्हतं. त्या पुलापाशी." मी पुलाकडं पाहिलं. ते माझ्या आधी वळले.

ताई

(सोबतचं पत्र)

खुशाली इचारली म्हनून सांगते. पाऊस बरा हाय. मेंढरं बरी हायती, दोन लंगडी झाली. मालकाचा गुडघा धरलाय, दवाखान्यात चला म्हनलं तर ऐकत नाय. सृष्टी बारावीला हाय, मोबाइल बघती अन् अभ्यास करायले म्हनती. (सृष्टी म्हणते, आई, ते कशाला लिहायला लावायलीस. आक्काबाई म्हणतात, खरं हाय ते ऱ्हाऊ दे.)

सांजंला मेंढरं मोजायचं काम रामेश्वरचं व्हतं. आता मालक मोजत्यात अन् चुकत्यात. चुकले की पुन्ना मोजत्यात. अंधार पडतो तरी मोजत्यात. मी काय बोलत नाय.

पानी मागितलं ते मला कुनी सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस. बरं केलंस का वाईट केलंस ते मला आजून कळंना.

माफीचं इचारलंस. नाय.

दारात येऊ नको. तुझं तोंड बघायचं नाय मला. कागद धाड. कागदाला तोंड नसतंय, तेवढं मी सोशीन. तुझी बहीन वाचंल. तिला म्या सांगितलंय, येत जा.

अन् एक इचारते. तुला झोप लागती का? खरं लिव. लागत आसंल तर लागती लिव, नसंल तर नाय लिव. तुझ्या घरच्या रितीचं नको लिवू.

आक्काबाईचा अंगठा

*

१२ ऑक्टोबर

चि. केयूर,

तुझं उत्तर नाही. मी टपालवाल्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, मॅडम, तुमच्याकडं वीज बिलाशिवाय काही येत नाही.

तू आजारी आहेस का, म्हणून मी फाटकावर जाऊन विचारलं. तब्येत चांगली आहे, वाचनालयात काम दिलंय, असं कळलं. पत्र तुला मिळालं हेही कळलं. म्हणजे तू लिहीत नाहीस.

सृष्टीचा मधून मधून फोन येतो. तिचा म्हणजे तिच्या फोनवरून आईचा. आक्काबाई नमस्कार-बिमस्कार काही करत नाहीत. "कागद आला का?" एवढंच. मी नाही म्हणते. "बरं," म्हणतात आणि ठेवतात. परवा मुंजाबांचा आवाज मागून आला, कशाला सारखं इचारायली त्या बाईला. तर त्या त्यांना म्हणाल्या, तुम्ही मेंढरं मोजा.

दिवाळीचा पाडवा झाला की ते मेंढरं घेऊन निघतात. पैठणच्या अंगानं, बिडकीनच्या बाजूच्या शेतांतून. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खत होतं, त्याचं धान्य मिळतं. आज या रानात, उद्या त्या. पावसाळा येईपर्यंत त्यांचा पत्ता नसतो. म्हणून घाई करते आहे. पत्र पाडव्याआधी यायला हवं.

तू का लिहीत नाहीस हे मी ओळखू पाहते. त्यांनी माफी दिली नाही म्हणून? तसं मला वाटत नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तू उत्तर दिलं असतंस असं वाटतं. त्यांनी तुला जे विचारलं ते तुला कुणी विचारू नये असंच होतं. लागते म्हणालास तर त्यांना काय वाटेल. लागत नाही म्हणालास तर दया मागितल्यासारखं होईल. मी बरोबर आहे का? चुकत असेन तर तेही कळव.

आता एक लिहिते. वहीत लिहिलंच आहे, तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. परवा मी तुझ्या अक्षरात एक ओळ लिहून पाहिली. तुझा तो आडवा 'झ' मला चांगला जमतो. आक्काबाईंना अक्षर कळत नाही, सृष्टीनं तुझं पत्र नीट पाहिलेलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं वाचली, त्यांच्यासारखं लिहायला अवघड नाही. 'झोप लागत नाही' असं लिहिलं. मग बघत बसले. ते खरं असेलही, पण तू लिहिलेलं नव्हतं. पाठवलं नाही. पान वहीत आहे.

त्या फोनचंही मनात येतं. तुझ्या आवाजाच्या मागं पाणी मागणारा आवाज मी ऐकला होता का? मी खूप आठवून पाहते. नाही आठवत. हे कोर्टात विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं, आणि हे 'आठवत नाही' खरं असतं.

एक शब्द पुरेल, केयूर. मायना नको, रेघ नको.

ताई

*

१६ नोव्हेंबर

चि. केयूर,

ते निघून गेले. पाडव्याला नाही, त्यानंतर चार-सहा दिवस थांबले. सृष्टी मामाकडं राहिली आहे परीक्षेसाठी. तिनं सांगितलं की आईनंच थांबवलं, मालकाचा गुडघा दुखतो म्हणून. मग म्हणाली, गुडघा तर रोजच दुखतो.

काल मी बिडकीनला गेले. सृष्टीनं अंदाजानं शेताच्या मालकाचं नाव सांगितलं होतं. तिकडं आता रुंद रस्ते झालेत, दोन्ही बाजूंना कुंपणं, कंपन्यांच्या पाट्या. मुंजाबा म्हणतात, पूर्वी सरळ जायचो, आता मेंढरांना वळसा घालून न्यावं लागतं, कुंपणाला वाट विचारता येत नाय. कापसाचं रान होतं, वेचणी झालेलं. मेंढरं पाला खात होती. आक्काबाईंनी मला लांबूनच ओळखलं. हात वर केला नाही, पण उठून उभ्या राहिल्या. बहुतेक त्यांना वाटलं, आणलं.

मी माझ्या पिशवीत हात घातला नाही, तेव्हाच त्यांना कळलं असावं. तरी त्यांनी विचारलं.

"कागद?"

मी म्हणाले, नाही आला.

त्यांनी मला बसायला पोतं टाकलं. मी सांगितलं की तू आजारी नाहीस, पत्र तुला मिळालं आहे. सांगताना वाटत होतं की मी तुझी बाजू मांडते आहे, म्हणून मध्येच थांबले. त्यांनी भाकरी दिली. मुंजाबा संध्याकाळची मोजणी करत होते. एकदा मोजलं, मग पुन्हा पहिल्या मेंढीपाशी आले. आक्काबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या, आणि बघता बघता म्हणाल्या,

"मंग नाय लागत."

मला कळलं नाही. मी विचारलं, काय?

"झोप. लागत आसती तर लिवलं आसतं त्यानं, लागती म्हनून. लागती म्हनायला काय लागतंय. ज्याला लागत नाय त्यालाच लिवता येत नाय."

हे बरोबर आहे का, केयूर? तू गप्प राहिलास ते त्यांनी तुझं उत्तर म्हणून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं का ते मी पाहत होते. असतं तर लिहिलं असतं. दुःख होतं असंही मला म्हणता येणार नाही. संध्याकाळचा उजेड होता आणि त्या डोळे बारीक करून मेंढरांकडं बघत होत्या, एवढंच मी पाहिलं.

मी निघाले तेव्हा रस्त्यापर्यंत त्या आल्या. बस दिसायला लागली तशी त्यांनी माझ्या हाताला धरलं. वही आहे का, असं विचारलं. मी म्हणाले, आहे, पण बस थांबणार नाही, सांगा, लक्षात ठेवते. त्या म्हणाल्या, लक्षात नको, लिव. मी उभ्या उभ्या वही काढली. बस निघून गेली. दुसरी बऱ्याच वेळानं होती, त्याचं काही वाटलं नाही.

त्यांनी सांगितलं तेवढंच इथं उतरवते. अंगठा नाही, शाई नव्हती. अक्षर माझं आहे, शब्द त्यांचे.

लिव त्याला. मला बी नाय लागत.

ताई